बाहेर पडणाऱ्या देशाचं बिल

“हा आकडा चुकीचा आहे,” कॉलिन म्हणाला.

“हो ना. साफ चुकीचा आहे,” लेआ म्हणाल्या.

ऐकणाऱ्याला एकमत झाल्यासारखं वाटलं असतं. पण कॉलिनच्या हातात लेआंचा कागद होता आणि लेआंच्या हातात कॉलिनचा. देणं एकच होतं, आणि एका कागदावरचा आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. टेबलाच्या तिसऱ्या बाजूला माझा बॉस ग्रेअम आणि मी. ग्रेअमनं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे आता मी बोलायचं होतं.

मी अ‍ॅक्च्युअरी आहे. पुढे कधीतरी द्यावे लागणारे पैसे आज किती धरायचे, हे आम्ही सांगतो. विमा कंपन्यांना आणि पेन्शन फंडांना आमची गरज पडते, बाकीच्यांना सहसा पडत नाही. कुणाच्या घरी जेवायला गेल्यावर मी माझं काम समजावून सांगायला लागले की लोक प्लेट भरून आणायला उठतात. तरी हे एक काम सांगण्यासारखं आहे.

पॅसिफिकमधल्या काही छोट्या बेटदेशांनी पूर्वी एक आर्थिक संघ केला होता. आपसात जकात नाही, बाहेरच्या मालावर सगळ्यांची जकात सारखी, औषधं आणि इंधन यांची खरेदी एकत्र, आणि बेटाबेटांवर माल पोचवणारं एक सामायिक जहाज. त्यातला एक देश आता बाहेर पडत होता. का, हे आमचं काम नव्हतं. नावंही सांगणार नाही. तसं मी लिहून दिलेलं आहे. कॉलिन हा संघाच्या कार्यालयाचा फायनान्स हेड. लेआ या बाहेर पडणाऱ्या देशाच्या अर्थखात्याच्या सचिव. जाणारा देश संघाला किती देणं लागतो, हे ठरवायला दोघांनी मिळून ऑकलंडमधल्या आमच्या फर्मला नेमलं होतं. फी दोघांनी निम्मी निम्मी द्यायची होती. त्यामुळे दोघांचाही आमच्यावर निम्माच विश्वास होता.

बाहेर पडणाऱ्याला पैसे का द्यावे लागतात, हा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी मला विचारला नसता, कारण ते कोथरूडला सोसायटीचे अनेक वर्षं खजिनदार होते. तुम्ही फ्लॅट विकून चाललात. पण लिफ्ट बदलायचा ठराव तुम्ही मेंबर असताना झालाय, तुम्ही हात वर केलाय, काम अर्धं झालंय. तुमचा वाटा द्या आणि जा. सोसायटीनं बँकेचं कर्ज घेतलं तेव्हा तुम्ही मेंबर होतात, त्यातला वाटा द्या. उलट सोसायटीकडे तुमचं डिपॉझिट असेल तर ते मागून घ्या. देश संघातून बाहेर पडतो तेव्हा हेच होतं, फक्त लिफ्टच्या जागी धक्का आणि गोदामं असतात आणि प्रत्येक बाजूला वकील असतात.

मंजूर झालेल्या पण पैसे द्यायच्या राहिलेल्या कामांचा हिशेब लवकर जमला. कर्जाचाही जमला. अडलं ते पेन्शनपाशी.

संघाच्या नोकरांना पेन्शन होती, पण तिच्यासाठी पैसे वेगळे काढून ठेवलेले नव्हते. दरवर्षी सगळे देश वर्गणी देत, त्यातून त्या वर्षीची पेन्शन जाई. सगळे एकत्र आहेत तोवर हे चालतं. एक जण उठला की त्याच्या वाट्याची पुढच्या कित्येक वर्षांची पेन्शन कुणी द्यायची, हा प्रश्न येतो. त्यात लेआंचा देश खलाशांचा. संघाच्या जहाजावर बहुतेक माणसं तिथलीच. त्यामुळे पेन्शनरही बहुतेक तिथलेच.

“पेन्शनर तुमचे, पेन्शन तुम्ही द्या,” कॉलिन पहिल्या मीटिंगमध्ये म्हणाला होता.

“जहाज काय फक्त आमच्याच बंदरात येत होतं?” लेआंनी विचारलं.

“माणसं तर तुमची आहेत.”

“हो. आणि मागवली तुम्ही होती. तुमच्या माणसांना बोट लागायची म्हणून.”

इथे मी मध्ये पडले. नोकर ज्यांची नोकरी करतो, त्यांचा असतो. तो कुठल्या गावचा आहे यावरून पगाराचा वाटा ठरत नाही, मग पेन्शनचा कसा ठरेल? वर्गणीत ज्याचा जितका वाटा, तितका त्याचा पेन्शनमध्ये. कॉलिननं दोन मीटिंगांनंतर हे मान्य केलं. तो हट्टी होता, पण खोटं बोलणारा नव्हता.

वाटा ठरला. तरी आकडे दोन. कारण व्याजदर.

हे जरा समजून घ्या, सोपं आहे. वीस वर्षांनी कुणाला शंभर डॉलर द्यायचे आहेत. त्यासाठी आज किती बाजूला ठेवावे लागतील? पैशावर वर्षाला दोन टक्के मिळतील असं धरलं तर सुमारे सदुसष्ट. पाच टक्के मिळतील असं धरलं तर अडतीसच्या आतच. देणं तेच शंभर. भविष्याबद्दल तुम्ही किती आशावादी आहात, एवढाच फरक. घेणारा कॉलिन दोन टक्के म्हणत होता. देणाऱ्या लेआंना पाच टक्के पसंत होते. पुढच्या वीस वर्षांत नक्की किती मिळतील हे दोघांनाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, पण मला ते माहीत असावं म्हणून फी मिळत होती.

आणि हे वेळेत सुटणं गरजेचं होतं. संघाच्या करारात एक कलम होतं: बाहेर पडायच्या तारखेपर्यंत हिशेब ठरला नाही, तर त्या देशात भरती झालेल्यांची पेन्शन हिशेब ठरेपर्यंत रोखून धरायची.

“हे कलम मी लिहिलेलं नाही,” कॉलिन म्हणाला.

“पण ते लागू तुम्हीच करणार,” लेआ म्हणाल्या.



आता घरचं सांगते, कारण ते इथे येतंच. आम्ही दक्षिण ऑकलंडमध्ये, टाकानिनीला नव्या वसाहतीत राहतो. माझे सासरे, बाबा, वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात. सकाळी कोट घालून फिरायला जातात. कोपऱ्यावरच्या घरातले तेवा नावाचे एक आजोबा जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून त्यांच्याबरोबर चालतात. तेवांनी तिशीपासून जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम केलेलं, त्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. बाबांना त्यांचं इंग्रजी कळत नाही. दोघांचं उत्तम जमतं. बाबांच्या कोटामुळे तेवा त्यांना “प्राइम मिनिस्टर” म्हणतात.

तेवांच्या घरून अधूनमधून नारळाच्या दुधात शिजवलेला तारो यायचा, म्हणजे आपल्या अळूचा कंद. एकदा मी त्यांचा काचेचा डबा घासून, पुसून, परत द्यायला निघाले, तर बाबांनी दारातच अडवलं.

“मेघना, अगं, रिकामा डबा देतेस?”

“बाबा, घाईत आहे. डबा अडकायला नको त्यांचा.”

“अडकू दे की! काही केलेलं नसेल तर साखर तरी घाल चिमूटभर.” मग स्वतःच आत जाऊन त्यांनी बेसनाचे चार लाडू भरले. “आपण काय डबा परत करून सुटका करून घेतोय?”

असे ते काचेचे डबे कित्येक महिने इकडून तिकडे चालू होते.

तर एक दिवस बाबा फिरून आले आणि कोट न काढताच बसले. “तेवाची पेन्शन बंद होणार, त्याच्या घरचे सांगत होते. त्यांचा देश कसल्याशा संघातून बाहेर पडतोय. तू असल्याच भानगडी करतेस ना? बघ जरा.”

मी चहा ओतत होते, ती थांबले. तेवा कुठल्या जहाजावर होते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

“बाबा, मला यावर बोलता येणार नाही.”

“म्हणजे खरं आहे.”

“म्हणजे बोलता येणार नाही.”

“कळलं,” बाबा म्हणाले आणि कोट काढायला उठले. “खजिनदार होतो मी. बोलता येत नाही, तेव्हा काय असतं ते मला माहीत आहे.”

त्या सकाळी ऑफिसला जाऊन मी पहिलं काम हे केलं, की ग्रेअमला सांगितलं: या पेन्शनरांपैकी एक माझे शेजारी आहेत, घरोबा आहे, आणि आमच्याकडे त्यांच्या घरचं खाणं येतं.

“मेघना, साउथ ऑकलंडमध्ये जो तो कुणाचा तरी कझिन असतो,” ग्रेअम म्हणाला. “पण लिहून दे. दोघांनाही पाठवू.”

मी लिहून दिलं, तारोसकट. लेआंचं उत्तर आलं: “हरकत नाही.” कॉलिननं लिहिलं: “हरकत नाही. तारो चांगला असतो का?”

मग मी तोडगा काढला. दोन आणि पाच यांच्या मधला, कारणांसकट मांडता येईल असा व्याजदर. त्यावरून एकच रक्कम. लेआंच्या देशानं ती बाहेर पडायच्या दिवशी एकदम द्यायची. त्यांना कर्ज काढावं लागलं असतं, पण ते मिळत होतं. त्या बदल्यात संघानं लिहून द्यायचं, की या देशाकडून आता काहीही येणं नाही, पुढे कधीही मागणार नाही. थोडक्यात नो ड्यूज सर्टिफिकेट. सोसायटीत फ्लॅट विकताना लागतं तेच.

मला हा तोडगा फार आवडला होता. आमच्या घराचं कर्ज आम्ही जास्तीचे हप्ते भरून मुदतीआधी संपवलं. दर महिन्याला क्रेडिट कार्ड शून्यावर आलं की मला बरं वाटतं. कुणाचं देणं डोक्यावर नको, एकदाचं देऊन मोकळं व्हावं, हे ऐकतच मी मोठी झाले. त्यामुळे समोरच्यालाही मोकळं व्हायचं असणार, याबद्दल मला शंका आली नाही. ग्रेअमलाही आली नाही. कॉलिनशी फोनवर बोलले तेव्हा तो म्हणाला, “थोडं कमी आहे, पण चालेल.”

मीटिंगमध्ये मी सगळं मांडलं. लेआंनी शेवटपर्यंत नीट ऐकलं. मग फाइल मिटली, पेनाला टोपण लावलं आणि पेन पर्समध्ये ठेवलं.

“थँक यू, मेघना. काम सुंदर झालंय,” त्या म्हणाल्या. “आम्ही यावर सही करणार नाही.”

“आकडा जास्त वाटतोय?” कॉलिननं विचारलं.

“आकडा ठीक आहे.”

खोलीत कुणालाच काही कळेना. आकडा ठीक असताना मीटिंग मोडल्याचं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. ग्रेअमनं सगळ्यांसाठी चहा मागवला. अडचण आली की तो चहा मागवतो, आणि तो यायला वेळ लागतो हा त्याचा फायदा.

चहा पिताना लेआच बोलल्या. आवाज शांतच होता.

“तुमचा काही दोष नाही. आमच्याकडची पद्धत सांगते. माणूस लग्न करून किंवा नोकरीसाठी दुसऱ्या बेटावर जातो. तरी मोठ्या घरात काही असलं की तो आपला वाटा पाठवतो. मासे, चटया, पैसे, जे जमेल ते. कधी जास्त, कधी कमी. तो वाटा येतोय म्हणजे तो आमचा आहे. सगळं एकदम मोजून परत करतात ते भांडण झाल्यावर. त्याचा अर्थ असा, की उद्या कुणी मेलं तरी आम्हाला कळवू नका.”

कॉलिननं कप खाली ठेवला.

“आम्ही संघातून निघतोय,” लेआ म्हणाल्या. “भांडून निघत नाही आहोत. आमच्या मंत्र्यांनी हा कागद घरी नेला, तर त्यांची आईच विचारेल, की शेजाऱ्यांशी संबंध तोडायचे कुणी ठरवलं? आणि म्हाताऱ्या खलाशांना काय सांगू? तुमचे पैसे टाकले, आता तुमचं तुम्ही आणि संघ बघून घ्या?”

मला त्या क्षणी आमच्या दारातले बाबा आठवले, लाडू भरलेला डबा हातात घेतलेले. मी बरंच शिकले आहे, पण स्वयंपाकघरात पाळतो ती गोष्ट ऑफिसात आणायचं सुचलं नव्हतं.

“म्हणजे तुम्हाला देणं शिल्लक ठेवायचंय?” ग्रेअमनं विचारलं.

“द्यायचं आहे. ज्याची जेव्हा वेळ येईल तेव्हा.”

मी कागद पुढे ओढला. “समजा असं केलं. दरवर्षी संघानं प्रत्यक्षात जी पेन्शन दिली, तिचा तुमचा ठरलेला वाटा तुम्ही त्या वर्षी द्यायचा. शेवटचा पेन्शनर असेपर्यंत.”

“व्याजदर कुठला धरून?” कॉलिननं लगेच विचारलं.

“कुठलाच नाही.”

“कुठलाच नाही?”

“भविष्यातले पैसे आज मागायचे असतील तर व्याजदर लागतो. त्या त्या वर्षी त्या त्या वर्षाचे घ्यायचे असतील तर लागत नाही.”

कॉलिन हसला. “म्हणजे आपण इतके आठवडे ज्यावर भांडलो, ते गणित करायची गरजच नव्हती?”

“एकदम पैसे घ्यायचे नसतील तर नव्हती.”

“आणि याची फी?”

“ती एकदम द्यायची असते,” ग्रेअम म्हणाला.

पण कॉलिनचा पुढचा प्रश्न रास्त होता. सरकारं बदलतात. उद्या नवं सरकार आलं आणि हप्ता द्यायचा थांबलं, तर संघानं काय करायचं? पद्धत कितीही चांगली असली तरी ती कोर्टात दाखवता येत नाही.

लेआंनी पर्समधून पेन परत काढलं. “जहाजात आमचाही वाटा आहे. तो निघताना आम्हाला मिळायचा आहे. तो आत्ता मागत नाही. तुमच्याकडेच राहू दे. आम्ही चुकलो तर त्यातून वळते करा.”

हे तपासायला मी आठवडा मागितला. जहाज जुनं होत जातं, त्याची किंमत दरवर्षी उतरते. पेन्शनरही दरवर्षी कमी होतात. दोन्हींपैकी काय लवकर उतरतं, हे पाहायचं होतं. ऐकायला बरं वाटत नाही, पण आमचं काम असंच असतं. जहाजातला वाटा सगळ्या पेन्शनला पुरणारा नव्हता, पण काही वर्षांचे हप्ते चुकले तर भागेल इतका होता. मी तसंच लिहिलं. लेआंनाही त्यांचा धोका स्पष्ट सांगितला: एकदम रक्कम दिली असती तर पुढची जोखीम संघाची होती. आता पेन्शनर अंदाजापेक्षा जास्त जगले, तर तुमचा देश जास्त देईल.

“आमची माणसं जास्त जगली तर मी तक्रार करू?” लेआंनी विचारलं.

या प्रश्नाला रिपोर्टमध्ये जागा नव्हती.

बाहेर पडायच्या तारखेआधी सह्या झाल्या. कागद चार पानांचा होता. माझ्या पहिल्या रिपोर्टला त्याच्या कितीतरी पट पानं होती. ती कुणी परत उघडली नसतील. कलम लागू करायची वेळ कॉलिनवर आली नाही. निघताना त्यानं लेआंना विचारलं, की पुढच्या वर्षीच्या हप्त्याच्या वेळी त्या स्वतः येणार का. “येणार तर,” त्या म्हणाल्या. “हप्ता काय असाच पाठवतात?”

घरी मी काहीच सांगितलं नाही. त्या महिन्यात बाबाच फिरून आल्यावर म्हणाले, “तेवाची पेन्शन आली हो. नेहमीच्या तारखेला. उगाच घाबरला होता बिचारा.”

“हो का?” मी म्हटलं.

“हो का काय! तुझा चेहरा बघ,” बाबा म्हणाले. “तुला पत्ते कधी खेळता येणार नाहीत.”

या कामातून मी कामापुरती एक गोष्ट घेतली. दोन माणसं एका आकड्यावरून भांडत असतील, तर आकडा काढायला बसण्याआधी विचारावं, की तो नक्की कुणाला हवा आहे. आता नव्या क्लायंटला मी हे पहिल्या मीटिंगमध्येच विचारते. त्यामुळे काही कामं लवकर संपतात आणि फी कमी होते. ग्रेअमनं हे माझ्या लक्षात आणून दिलं आहे.

तेवांचा डबा सध्या आमच्याकडे आहे. शनिवारी चकल्या करणार आहे, तोवर राहील.